क्षत्रपांची बंडं

ही हकीकत मी बायकोलाही सांगितलेली नाही. जपानमधल्या त्सुकुबाच्या दिवसांबद्दल कोणी विचारलं की मी सायकली आणि थंडी यांवर बोलून वेळ मारून नेत आलो.

तिथल्या विद्यापीठात मी प्राचीन इराणचा इतिहास शिकवत असे. पुण्याची एक मुलगी माझ्याकडे पीएचडी करत होती. आमच्या मराठी मंडळाच्या पाडवा अंकासाठी तिनं इराणच्या राजावर उलटलेल्या प्रांताधिकाऱ्यांवर, म्हणजे क्षत्रपांवर, दोन पानं लिहून दिली. शीर्षक ‘क्षत्रपांची बंडं’.

“लोक विचारतील, कुठल्या साखर कारखान्याचे क्षत्रप?” मी म्हणालो.

“विचारू देत सर. निदान वाचतील तरी.”

संपादन माझ्याकडे होतं. छापील भाषेसाठी ‘बंडं’चं ‘बंडे’ केलं असतं तरी भागलं असतं. पण जन्मभर मी एकच मोठं बंड शिकवलं होतं. मी अनुस्वार खोडला, शीर्षक ‘क्षत्रपांचे बंड’ केलं, आणि शेवटच्या वाक्यातल्या ‘वेगवेगळी बंडं’चंही नुसतं ‘बंड’ केलं. छापण्याआधी तिला दाखवणार होतो. तेवढ्यात मोठा भूकंप झाला आणि घरच्यांनी तिला पुण्याला बोलावून घेतलं.

अंक पाहून तिचा फोन आला. “सर, माझा मुद्दाच उलटा झाला. त्यांनी मिळून कट केलाच नव्हता. ज्याचं त्याचं भांडण वेगळं होतं.”

“कशावरून?”

तिनं तासभर समजावलं. कोणत्या क्षत्रपानं स्वतःची नाणी कधी पाडली, ते काळ एकमेकांशी कसे जुळत नाहीत. मी सगळं टिपून घेतलं.

ती परत आली नाही. दोन वर्षांनी ती मांडणी मी माझ्या एकट्याच्या नावानं प्रसिद्ध केली. तिनं विभागाकडे तक्रार केली. चौकशीत मी पाडवा अंक पुढे केला आणि शेवटचं वाक्य जपानीत वाचून दाखवलं. “पाहा, ती स्वतःच एक बंड म्हणते.” मराठी वाचणारा तिथे दुसरा कोणी नव्हता. तिचं हस्तलिखित माझ्या खणात होतं.

तिचं संशोधन सुटलं. आता ती पुण्यात एका शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात माफीचं पत्र घेऊन मी तिथे गेलो. तिनं ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तब्येतीचं बोलत राहिलो. घंटा झाली.

“काही काम होतं का, सर?”

“नाही गं. सहज आलो होतो.”