पिंपाचा उपास

एल्व्हीरा नोस्केचं एका पिंपाशी वैर होतं. पिंप पिवळं, जाड झाकणाचं, कमरेएवढं उंच. बरोसा खोऱ्यातल्या इतर माणसांची वैरं चर्चच्या बाकावरच्या जागेवरून किंवा कुंपणावरून पलीकडे झुकलेल्या जर्दाळूच्या फांदीवरून चालत, आणि वैरीही सोयीस्कर अंतरावर, शेजारच्याच घरात राहत. एल्वीचा वैरी साडेबाराशे किलोमीटरवर, दोन राज्यांच्या सरहद्दीवर उभा असे. त्याचं तोंड तिला वर्षातून एकदाच दिसे, जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, थोरल्या मुलीकडे ऑल्बनीला जाताना. तयारी मात्र ती नोव्हेंबरपासून करी.

भांडणाचं मूळ जुनं होतं. थोरल्या कॅरलचं लग्न होऊन ती पश्चिमेला गेली, त्या पहिल्याच जानेवारीत एल्वीने स्वतःच्या झाडाचे जर्दाळू, निवडून, एकेक कागदात गुंडाळून, खोकंभर नेले होते. सरहद्दीवरच्या तपासनीसाने नियम सांगितला: न शिजवलेलं फळ, भाजी, बी, रोप, मध, काहीही पलीकडे न्यायचं नाही. मग त्याने नम्रपणे ते खोकं पिंपात उलटं केलं. वरचे जर्दाळू खालच्या जर्दाळूंवर पडताना जो आवाज झाला तो एल्वीला कधी विसरता आला नाही. नवरा क्लॅरी म्हणाला, "जाऊ दे ना, पुढच्या वर्षी मुरंबा नेऊ." एल्वी पुढचे दोनशे किलोमीटर बोलली नाही. बोलली तेव्हा एकच वाक्य बोलली, "ह्या पिंपाला माझ्या हातून आता काही मिळायचं नाही."

नियमावर तिचा राग नव्हता. उलट तिच्याइतका नियमाचा कैवार घेणारं माणूस खोऱ्यात दुसरं नव्हतं. तिच्या बापाचे द्राक्षवेल शंभरी उलटलेले. इतर मुलखांतले वेल मुळं पोखरणाऱ्या किडीने खाल्ले, बरोसातले वाचले, ते बाहेरचा पाला, माती आत येऊ दिली नाही म्हणून. माती लागलेल्या बुटांनी वेलांत शिरून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना तिने तीनदा काठी घेऊन बाहेर काढलं होतं, त्यांतला एक न्यायाधीश निघाला. नियम हवाच. पण नियम पाळायला पिंप कशाला लागतं? हिशेबाने जेवलं की झालं.

तर तो हिशेब. शाळेच्या उपाहारगृहात सव्वीस वर्षं तीनशे मुलांचं जेवण सांभाळलेल्या बाईला चार माणसांचे तीन दिवस म्हणजे काहीच नव्हतं, पण ती तो युद्धाच्या नकाशासारखा करी. पहिल्या दिवशी दुपारी टोमॅटो, काकडी, कोशिंबिरीचा पाला, सगळं कच्चं संपवायचं. पहिल्या रात्री सेडूनाला मुक्काम, तिथे फक्त नाश्त्यापुरती द्राक्षं. त्यापुढे ओसाड माळ, आणि माळाच्या शेवटी समुद्राच्या कड्यावर अर्धं कलिंगड, सरहद्दीच्या अलीकडचं शेवटचं ताजं फळ. पलीकडे सातशे किलोमीटर भाजीचं दुकान नाही. त्या पट्ट्यासाठी उकडलेलं बीट, बटाट्याचं सॅलड, वाफवलेली गाजरं, सफरचंदाचा शिजवलेला गर. सॅलडमधला कांदासुद्धा ती परतून घेई. कच्च्या कांद्याची एक चकती कुठे बटाट्याखाली दडून पिंपाला मिळाली तर? तिने शत्रूला कधी कमी लेखलं नाही.

सत्तावीस वर्षं पिंप उपाशी होतं. क्लॅरी वारल्यावर गाडी धाकटा मुलगा ब्रेंटन चालवू लागला, मागे त्याची बायको लीअॅन आणि अकरा वर्षांची पर्ल. आणि ह्या वर्षी घरात फूट पडली.

"विमानाने तीन तास लागतात, एल्वी," लीअॅन म्हणाली. ती एका वाइनच्या कारखान्यात हिशेबनीस होती आणि तिचं म्हणणं नेहमीच बरोबर असे, हीच तिची अडचण होती. "तीन तास. आपण तीन दिवस उन्हात गाजरं खात बसतो."

"विमानात बरणी नेऊ देतात का?"

"कॅरलला दुकानातल्या काकड्या मिळतात."

ब्रेंटनने स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघायला सुरुवात केली. बरणी म्हणजे चिनी मातीची, एल्वीच्या आज्जीची, आणि तिच्यात शेपू घालून मिठाच्या पाण्यात तीन आठवडे मुरवलेल्या काकड्या. कॅरलने त्या पश्चिमेला पाच वेळा करून पाहिल्या. पाचही वेळा मऊ पडल्या. त्या बरणीवाचून एल्वी मुलीच्या दारात उभी राहिली नसती, आणि तिला हेही ठाऊक होतं की एकदा विमान सुरू झालं की गाडी संपली. ती गाडी संपली की वर्षातले ते तीन दिवस, ज्यांत मुलगा शेजारी बसतो आणि उठून जाऊ शकत नाही, तेही संपले.

"पैज लाव," एल्वी म्हणाली. "ह्या वेळी माझ्या सामानातलं एक पान जरी पिंपात पडलं तर पुढच्या वर्षी विमान. नाही पडलं तर मी जिवंत असेपर्यंत गाडी."

"ब्रेंटन, ऐकलंस ना? तू साक्षीदार."

"मी काही ऐकलं नाही," ब्रेंटन म्हणाला.

पहिला दिवस नकाशाबरहुकूम गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेडूनाला लीअॅन "पाय मोकळे करून येते" म्हणून गेली आणि दोन किलो पीच घेऊन आली.

"केवढे ताजे होते," ती म्हणाली. "राहवलं नाही."

एल्वीने पिशवीकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. दोघी एकमेकींना पूर्ण समजल्या. "छान केलंस," एल्वी म्हणाली. "सोळा आहेत. चौघांना चार-चार."

"मला एकच पुरे."

"तुला चार आहेत, लीअॅन."

पुढच्या तीनशे किलोमीटरमध्ये त्या गाडीत जे झालं त्याला सहल म्हणता येणार नाही. दर पाऊण तासाने एल्वी मागे वळून पीच वाटी. बाहेर बेचाळीस अंश, रस्ता पट्टीने आखल्यासारखा, आणि आत चार माणसांच्या कोपरांपर्यंत रस. पर्ल तिसऱ्यापर्यंत मजेत होती. आज्जीला ती ओमा म्हणे.

"ओमा, माझ्या पोटात डुचमळतंय."

"त्याच्यावर अजून कलिंगड आहे. जागा ठेव."

"आई, तिला सोड गं," ब्रेंटन म्हणाला. "तिचं मी खातो."

"तू तुझं खा. तुझा दुसरा अजून तसाच आहे, मला इथून दिसतोय."

लीअॅनने चारही खाल्ले. तेवढा मान एल्वीने तिला मनातल्या मनात दिला. कोयी माळावरच्या धाब्याच्या कचऱ्यात गेल्या. तो साधा कचरा होता, त्याच्याशी कुणाचं भांडण नव्हतं. कड्यावर वाऱ्यात उभं राहून त्यांनी कलिंगड संपवलं, ब्रेंटनने तर डोळे मिटून. साली पुढच्याच थांब्यावरच्या कचऱ्यात टाकल्या. मग एल्वीने ओल्या फडक्याने गाडीची प्रत्येक फट पुसली, सीटखाली हात घालून एक जुनं द्राक्ष काढलं आणि तेही खाल्लं.

सरहद्दीवर घड्याळं पावणेदोन तास मागे जातात. एल्वीने तिचं आधीच लावून ठेवलं होतं. पिंप नेहमीच्या जागी उभं होतं. समोरच्या गाडीतला एक माणूस त्यात केळ्यांचा घड टाकत होता. एल्वीने त्याच्याकडे दयेने पाहिलं.

तपासनीस नोएलीन नावाची, पन्नाशीची, उन्हाने भाजलेली बाई होती. नाटकं तिने पुष्कळ पाहिलेली. "फळं, भाजी, बिया, रोपं, मध?"

"काही नाही," एल्वी म्हणाली. हे दोन शब्द म्हणायला ती वर्षभर थांबलेली असे.

नोएलीनने बर्फाची पेटी उघडली. बीट हुंगलं, गाजरं दाबली, सॅलडमध्ये चमचा घालून कांदा वर काढला. "परतलेला," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात किंचित आदर होता. "बरणीत काय?"

"शेपूच्या काकड्या. मुरलेल्या. तीन आठवडे."

"मुरलेल्या चालतात. बघू."

एल्वीने झाकण काढलं, वरचा दगड काढला, बशी काढली. बशीखाली, खारावर पसरलेली, हिरवीगार, हाताच्या पंजाएवढी सात पानं होती.

"हे द्राक्षाचं पान आहे," नोएलीन म्हणाली.

होतं. बरोसात बरणीवर द्राक्षाची पानं घालतात. आज्जी घालायची, आई घालायची, काकडी कडक राहते. निघायच्या दिवशी सकाळी एल्वीने जुनी काळवंडलेली पानं काढून बापाच्या वेलाची ताजी सात घातली होती, कॅरलला बरणी उघडताना चांगली दिसावी म्हणून. सत्तावीस वर्षं ती जुन्याच पानांनिशी गेली होती, कुणी काही म्हटलं नव्हतं. तिच्या लेखी ते पान म्हणजे पाला नव्हताच. ते झाकण होतं. ज्या पाल्यापायी तिने न्यायाधीशाला काठी दाखवली, तोच ती डोळ्यांदेखत परमुलखात नेत होती.

"काकड्या जाऊ द्या," नोएलीन म्हणाली. "पण ही पानं कालची खुडलेली. ही पिंपात."

"तुझं बरोबर आहे," एल्वी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "माझी चूक. मी माझ्या वेलांत कुणाला असं करू दिलं नसतं."

मागून लीअॅनचा आवाज आला, अगदी हळू, "एल्वी, पैज म्हणजे काही..." तिला बहुधा उदार व्हायचं होतं. ते एल्वीला सर्वांत झोंबलं.

"एक विचारू का?" ती नोएलीनला म्हणाली. "पलीकडे नेता येत नाही, समजलं. अलीकडे खाता येतं ना?"

नोएलीनने टोपी मागे सरकवली. "हद्दीच्या अलीकडे माणसं काय खातात ते आम्ही विचारत नाही. पण बाई, जानेवारीतलं पान आहे. चामडं असतं ते."

"दात माझे स्वतःचे आहेत."

तिने पहिलं पान उचललं, खार निथळू दिला, चार घड्या घातल्या आणि तोंडात टाकलं.

पान खरंच चामडं होतं. आंबट, खारट, शिरांनी भरलेलं. चावलं की दुप्पट होई. एल्वी ताठ उभी राहून, पिंपावर नजर रोखून चावत राहिली. मागे एक लांबलचक ट्रक येऊन थांबला. चालकाने भोंगा वाजवला, मग खाली उतरला, मग काय चाललंय ते कळल्यावर सावलीत उभा राहून बघू लागला.

"किती झाली?" त्याने विचारलं.

"तीन," पर्ल म्हणाली. "ओमा, मला एक दे. मी खाते."

एल्वीने मान हलवली. चौथ्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खाराने आलं, असं तिने चेहऱ्यावरून सर्वांना कळवलं. पाचव्याला ब्रेंटन पुढे झाला. "आई, पुरे. मी बोलतो लीअॅनशी. गाडीनेच जाऊ."

"तू," एल्वी घास गालात सारून म्हणाली, "काही ऐकलं नव्हतंस ना? मग आता बोलू नकोस." मुलाच्या रदबदलीवर मिळालेली गाडी तिला नको होती.

सहावं गेलं. सातवं सर्वांत मोठं होतं, देठासकट. नोएलीन म्हणाली, "देठही," आणि लगेच तिला वाईट वाटल्यासारखं दिसलं. एल्वीने देठ आधी खाल्ला. शेवटचा घास गिळल्यावर तिने, कुणी मागितलं नसताना, शाळेतल्या मुलीसारखं तोंड उघडून दाखवलं. नोएलीनने खरोखरच वाकून पाहिलं. मग बरणीत हात घालून काकड्यांखालचा तळ तपासला, तिथला शेपू शिजल्यासारखा मऊ झालेला होता, आणि बशी परत ठेवली.

"जा," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी पानं वाफवून आण."

ट्रकवाल्याने टाळ्या वाजवल्या. लीअॅनने वाजवल्या नाहीत. तिने पाण्याची बाटली उघडून सासूच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसली.

एल्वीचा जबडा दुखत होता. सरहद्दीपुढचा युक्लाचा घाट उतरून खालचा सपाट रस्ता लागला, तेव्हा मागच्या सीटवर कागदाची सळसळ झाली.

"परत येताना तपासणी सरहद्दीवर नसते ना?" लीअॅनने विचारलं. "सेडूनाला असते?"

"सेडूनाला."

"म्हणजे सरहद्द ओलांडून आणखी पावणेपाचशे किलोमीटर कच्चं चालतं. तुम्ही तिथे उगाच शिजवलेलं खायला घालता, एल्वी. गेल्या वर्षी अर्धा रस्ता आम्ही विनाकारण गाजरं खाल्ली."

एल्वीने मान वळवून सुनेकडे पाहिलं. लीअॅनच्या मांडीवर वही होती, जाताना आणि येताना असे दोन रकाने आखून झाले होते.

"विनाकारण नाही," एल्वी म्हणाली. "गाजरं चांगली असतात."

"मी हरले असं मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस. पुढच्या वर्षी पीच तू घेतलेस तसे घ्यायचे, पण आठ."

"सहा," लीअॅन म्हणाली, आणि लिहिलं.