बायजाबाईची ओटी

तळवलीत आर्किटेक्ट आणणारी पहिली बाई म्हणजे बायजाबाई. गावानं पोट धरून हसून घेतलं. "कौलारू घराला इंजिनेरीण!" हसा लेको! बायजाबाई कुणाला भीक घालणारी नव्हतीच. अख्ख्या गावाची लग्नं तिनं धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाऊन लावलेली.

साल एक्क्याऐंशी. सरकारनं नव्या शहरासाठी शेतं घेतली तेव्हा ती गप्प बसली होती, आणि तो राग अजून पोटात होता. उरलं होतं आजेसासऱ्यानं बांधलेलं सागवानी घर. मुलगा गंगाराम पावणे गावातल्या कारखान्यात लागला नि त्याच्या डोक्यात स्लॅब शिरला. घर पाडायचं, पुढच्या ओटीच्या जागी दुकानाचे गाळे काढायचे. त्या ओटीतच दगडी उखळ पुरलेलं. गावातल्या प्रत्येक लग्नाचा घाणा तिथंच भरायचा. सवाष्णींनी मुसळ धरून भात कांडायचा, बायजाबाईनं गायचं. घाणा भरला की लग्न लागेपर्यंत उखळाला हात लावायचा नाही, हा रिवाज.

"शिकलेल्या मानसाला इचारू," असं म्हणून ती स्वतः वाशीला गेली आणि वैजयंती नावाच्या तरुण आर्किटेक्टला घेऊन आली. पोरीनं दिवसभर वासे ठोकून पाहिले. मागची भिंत कुजलीय, तेवढी पाडा, मोरी-संडास तिथं घ्या, सागवान ठणठणीत आहे, म्हणाली. नकाशात मात्र तिनं उखळ परसात ढकललं. स्वयंपाकाची वस्तू वाटली तिला! बायजाबाईनं तिथंच बसून धवला म्हटला, घाण्याचं सगळं सांगितलं. वैजयंतीनं खोडरबर काढला.

गंगारामला हे कुठलं पटायला! त्यानं आईच्या नकळत कंत्राटदार बोलावला. सकाळी माणसं पहारी घेऊन दारात हजर. बायजाबाईनं आरडाओरडा केला नाही. शेजारच्या पाच सवाष्णींना हाका मारल्या, उखळात भात ओतायला लावला, मुसळाला हळद लावून घेतली आणि गळा मोकळा सोडला.

कंत्राटदार गावचाच. भरल्या घाण्यावर पहार घालायची त्याची काय बिशाद!

"आये, लगीन कोनाचं?" गंगाराम ओरडला.

"तुजं."

"आनि नवरी?"

"शोदीन. मना घाई नाय." मग ती पहारीवाल्यांकडे वळली. "उबे काय ऱ्हायलात? मागची भित पाडायची हाय. गंगाराम, नकाशा आन!"