राणीले मारलं, माती तशीच ठेवली

आमची कुत्री राणी जाऊन आज वर्ष झालं.

गेली कायची? मारली तिले. आमच्याच घरच्यांनी, भाकरीत जहर कालवून.

कुत्रीवर पोस्ट टाकून राहिली म्हणून हसाचं असन तर हसून घ्या. मग वाचा. घरात लहान लेकरू असन तर नक्की वाचा.

मी आठवी शिकलेली बाई. लिहिताना चुकलं तर समजून घेजा.

राणीले आमी आणली नव्हती. मोहगावपासून खुशीच्या बाबाच्या गाडीमागं पळत आली अन् राहिली. खुशी माही पोरगी, तवा तीन वर्षाची. ती आंगनवाडीत जाय तर राणी संगं जाय, सुट्टी होयपर्यंत दारात बसून राहे.

मॅडम म्हणत, "हिलेबी खिचडी वाढू का?"

आमच्या घरामागं पांढऱ्या मातीचा ढीग राहे. आंगण सारवाले, चूल सारवाले. सासूबाई वर्षभराची माती एकदाच आणून ठेवत.

राणीनं त्याच ढिगात खड्डा करून चार पिल्लं दिली. गार लागे तिले. पिल्लं तिथंच निजत, तिथंच हागत.

पोटं अशी टम्म! आमी कौतुक करू, "दूध पिऊन पिऊन गुब्बारे झाले पाहा."

एका पिल्लानं ओकारी केली. त्यात शेवया होत्या.

पांढऱ्या. वळवळणाऱ्या.

मी ओरडली. सासूबाईनं वरून पावडंभर माती टाकली. "जंत आहेत वो, सगळ्याच पिल्लाइले होतात. आपल्या पोरीले आंगनवाडीत गोळी भेटली ना? मग झालं."

त्याच ढिगातली ढेकळं खुशी खाय. मी तिच्या हातातून फेकली तर सासूबाई म्हणत, "खाऊ दे. लेकरं माती खाऊनच घट्ट होतात."

मग खुशीचा डावा डोळा तिरपा व्हाले लागला.

"चकणी पोर नशीबवान राहते!" सासूबाई खुश. शेजारच्या बायाबी खुश.

चार महिने मी नशीबाची वाट पाहत बसली.

एक दिवस तिले काजळ लावून राहिली होती. उजवा डोळा हातानं झाकला अन् डाव्याले लावाले गेली.

"मम्मी, अंधार काहून केला?"

भर दुपार होती.

नागपूरले नेलं. डॉक्टरनं यंत्रातून पाहिलं अन् पहिलेच विचारलं, "घरी कुत्र्याची पिल्लं आहेत का? ही माती खाते?"

ह्याइले कसं मालूम?

त्याइनं समजावून सांगतलं. पिल्लाइच्या हागण्यात जंताची अंडी राहतात, आपल्याले दिसत नाहीत. मातीत काही दिवस पडली की पिकतात, अन् वर्षानुवर्षं मरत नाहीत. लेकराच्या पोटात गेली की अळी निघते अन् अंगभर फिरते. माह्या पोरीच्या डोळ्यात जाऊन बसली.

"पण साहेब, तिनं जंताची गोळी खाल्ली होती."

"ती पोटातल्या जंतांची, बाई. हा पोटात थांबतच नाही."

"नजर वापस येईन का?"

"गेली ती नाही येणार. राहिली ती सांभाळू."

"अन् कुत्री?"

"कुत्रीला जंताची दवाई द्या. पिल्लांनाही. घाण रोज उचला. अन् ती माती आधी हटवा."

घरी येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगतलं. माह्या भासऱ्यांनी, मतलब खुशीच्या बाबाच्या मोठ्या भावांनी, एवढंच ऐकलं की कुत्रीपासून झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी गोठ्यापाशी तडफडून राहिली होती. तोंडाले फेस.

"भाऊजी, हे काय केलं तुमी?"

"तुह्या पोरीचा डोळा खाल्ला तिनं, अन् तू तिच्यासाठी रडून राहिली?"

तिसऱ्या दिवशी सासूबाई त्याच ढिगातली माती घमेल्यात भिजवून राहिल्या. सण आला होता, आंगण सारवाचं होतं.

बाजूले खुशी बसली होती. ओठाले माती.

मी घमेलं लाथेनं उडवलं. हो, सासूपुढं.

"डोक्स फिरलं का तुहं? कुत्री तर मेली ना आता!"

"आई, अंडी ह्या मातीत आहेत! कुत्री मरून मातीले काय झालं?"

"मातीले नाव नको ठेवू. आमच्या पिढ्या ह्याच मातीवर निजल्या."

खुशीचे बाबा गोठ्याकडं निघून गेले.

मी एकटीनं खोल खड्डा खणला अन् ढीग पुरला. दोन दिवस लागले. हाताले फोड आले. जहर टाकाले माणूस होता, पावडं धराले एकबी नव्हता.

आता खुशीले डाव्या डोळ्यानं फक्त उजेड समजते. उजवा तपासाले आमी नागपूरले जात राहतो. डॉक्टर "चांगला आहे" म्हणत नाही तोपर्यंत मी खुशीचा हात सोडत नाही.

अन् राणीची पिल्लं? ती लोकाइनं आधीच नेली होती. तिगावले, बोरगावले, दोन इथंच पांढुर्ण्यात. सगळ्याइच्या घरी जाऊन सांगतलं मी. एकजण म्हणे, "कुत्र्याले कोणी दवाई देते का वो?" त्याची नात पिल्लाच्या बाजूले मातीत खेळून राहिली होती.

भाऊ, म्हणूनच ही पोस्ट आहे. तुमच्या नातीसाठी.

घरचे म्हणतात काढून टाक, इज्जत जाते. पोरीची नजर गेली, तुमाले इज्जतीचं पडलं? नाही काढत.

राणी, दवाई मांगाले तुले तोंड नव्हतं. मले होतं, अन् त्या दिवशी शेवया पाहून मी नुसती ओरडली, दवाई मांगली नाही.

तुह्यावरचा आळ खोटा होता, कसूर दवाई न देणाऱ्या आमचा होता, हे आज सगळ्याइपुढं लिहून देतो.

माफ कर बाई. खुशीचा अन् माहा तुले शेवटचा राम राम.