प्रबंध आणि आजींची मान

माझा एम.ए.चा प्रबंध बल्गेरियन आणि रशियन भाषांमधल्या नामसाधक प्रत्ययांवर होता. हसा खुशाल. शब्दाला मागून काय जोडलं की त्याचं नाम होतं, आणि तो जोडायचा तुकडा मुळात आला कुठून, यावर मी दीडशे पानं लिहिली. पुण्यात कुणी "पुढे काय करणार मग?" असं विचारलं की आई लगबगीने चहा टाकायला उठायची. पुढे काय, तर न्यूझीलंड, माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि बॉटनी डाउन्सला घर. प्रबंध बारा वर्षं सुटकेसमध्ये पडून होता. तसाच राहिला असता तर बरं झालं असतं. शेजारच्या आजी त्यांच्या घरी परत जाणार की नाही, हे शेवटी त्या प्रबंधाने ठरवलं.

आजी बल्गेरियातून आलेल्या, इथे चाळीसेक वर्षं झालेली. नवरा गेलेला, मुलगा ब्रिस्बेनला. मागच्या अंगणात टोमॅटो, मिरच्या, द्राक्षाचा एक वेल, आणि पायात बारा महिने जँडल्स, इथल्या रबरी चपला. मी कुंपणावरून कोथिंबीर द्यायचे, त्या टोमॅटो द्यायच्या. मी बल्गेरियन वाचू शकते हे कळल्यावर त्यांना काय आनंद झाला! माझं बल्गेरियन म्हणजे नुसतं पुस्तकी, रशियनची फोडणी दिलेलं. पण त्यांना तेवढंही पुरायचं. मुलगा लहानपणापासून इंग्लिशमध्येच उत्तर द्यायचा म्हणे. माझी लेक तरी वेगळं काय करते?

मी त्यांना सांगायचे, मातृत्वाला तुम्ही 'मायचिन्स्त्वो' म्हणता, रशियन 'मातेरिन्स्त्वो' म्हणतात, तो शेवटचा '-त्वो' आणि आमचा '-त्व' लांबचे नातलग आहेत. कॉफीवाला तो 'काफेजिया'. त्यातला '-जिया' तुर्कांचा. तोच आमच्याकडे फारसीतून आला आणि '-ची' झाला, मशालची, तोफची, खजिनची. आणि रशियनांचा खजिनची 'कझ्नाचेय'! आजी खो खो हसल्या. "रशियनांचं स्वतःचं काय आहे?" म्हणाल्या. "भारदस्त शब्द सगळे जुन्या धर्मग्रंथांतून नेलेले, आणि ते ग्रंथ आमच्याकडचे." मी लगेच दुरुस्ती करायला गेले की सगळे नाहीत, बरेचसे. मला गप्प बसता येत नाही, हाच तर रोग आहे.

सर्वात लाडका प्रत्यय आजींचा '-इच्का'. घर म्हणजे 'कश्ता', आणि आपलं छोटंसं, मायेचं घर ते 'कश्तिच्का'. आपलं घरकुल म्हणा ना. लग्नानंतर दोघांनी मिळून रंगवलेलं ते घर त्यांनी मला कधीच 'कश्ता' म्हणून सांगितलं नाही.

मग जुलैत आजींना स्ट्रोक आला. उजवा हात गेला, वाचा गेली. इंग्लिशमध्ये विचारलं तर नुसत्या बघत राहायच्या, बल्गेरियन मात्र समजत होतं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही शक्य आहे. रोज मदतीला बाई ठेवून घरी, नाहीतर रेस्ट होम, म्हणजे इथला वृद्धाश्रम. आजींना काय हवंय ते त्यांनाच विचारा. ब्रिस्बेनहून आलेल्या मुलाला बल्गेरियनमध्ये धड विचारता येईना. त्याने मला बोलावलं.

मी पलंगाजवळ बसले आणि पुस्तकी बल्गेरियनमध्ये विचारलं, "आजी, रेस्ट होममध्ये राहायचंय?" त्यांनी मान आडवी हलवली. "घरी जायचंय?" मान खाली-वर हलली.

मुलगा म्हणाला, "ओके. घरी जायचंय तिला."

इथे मी तोंड उघडलं. म्हटलं, थांब, उलटं आहे. बल्गेरियात मान आडवी म्हणजे हो आणि खाली-वर म्हणजे नाही. तो गोंधळला. "पण माझ्याशी तिने असं कधीच केलं नाही." मी म्हणाले, "तू इंग्लिशमध्ये बोलायचास ना! मी त्यांना त्यांच्या भाषेत विचारलं." काय ती ऐट! डॉक्टरांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मुलाने सुटल्यासारखा श्वास सोडला. त्याला मी दोष देत नाही. मी एवढ्या छातीठोकपणे बोलत होते, तो काय करणार बिचारा?

आजी रेस्ट होमला गेल्या. ऑक्टोबरपर्यंत घर विकलं गेलं. नव्या लोकांनी टोमॅटोच्या वाफ्यांवर खडी पसरली, द्राक्षाचा वेल मुळासकट काढला. मी कुंपणाशी उभी राहून बघत होते आणि स्वतःला समजावत होते की आजींनीच तर ठरवलं.

गेल्या शनिवारी भेटायला गेले होते. तिथली नर्स "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत आली आणि आजींना कॉफी हवी का म्हणून कप दाखवला. आजींनी मान खाली-वर केली, आणि डाव्या हाताने कप घेऊन प्यायला लागल्या.  म्हटलं, इंग्लिशमध्ये विचारलं म्हणून असेल. मी बल्गेरियनमध्ये विचारलं, "आजी, साखर?" त्यांनी मान आडवी हलवली आणि कप स्वतःकडे ओढून घेतला.

कपाळ माझं! चाळीस वर्षं राहिल्यावर माणसाची मान बदलणार नाही का? माझी बदललीच की. पहिल्याच वर्षी मॅनेजर बाईंनी विचारलं होतं, "हे हो आहे की नाही?" तेव्हापासून ऑफिसात मी आपली मान डोलावत नाही, किवी लोकांसारखी खाली-वर करते. आणि सहा वर्षं आजी कुंपणापलीकडून मान खाली-वर करून माझी कोथिंबीर घेत होत्या. मी पाहिलंच नाही. माझं लक्ष त्यांच्या तोंडून पडणाऱ्या शब्दांवर, कुठला प्रत्यय सापडतो यावर. त्यांच्या पोटच्या पोराने सांगितलेलं मी खोडून काढलं, दीडशे पानांच्या जोरावर. त्याला अजून फोन केलेला नाही. कोणत्या तोंडाने करू?

 आजींचे एक-दोन शब्द परत येताहेत असं नर्स म्हणाली होती. कप खाली ठेवून त्यांनी माझं मनगट धरलं. ओठ दोन-तीनदा जुळले, सुटले.

"कश्तिच्का?" त्या म्हणाल्या.

विचारत होत्या. घरी जायचं का, न्यायला आलीस का.

मला हो म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना.  आणि इतक्या वर्षांनी माझी मान आपोआप आपल्याकडच्यासारखी डोलली, या खांद्याकडून त्या खांद्याकडे, धड हो नाही, धड नाहीही नाही.

आजी माझ्या आडव्या हललेल्या मानेकडे नीट बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला, आणि पायांनी त्या खुर्चीखाली जँडल्स चाचपायला लागल्या.