तीन हजार फेऱ्यांवरचा घुमार

असोद्याहून निघालो तेव्हा अर्धी गल्ली गाडी बघायला ओट्यांवर आली होती. माझी दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार सेकंड हँड आहे, पण तिचा सायलेन्सर मी पुण्यात मुद्दाम बनवून घेतलेला. चावी फिरवली की ती असा हुंकार देते की माझी छाती उगाचच दोन इंच फुगते. शेजारी नाना बसले होते. नाना म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, कानात मशीन. धुळ्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, दोन दिवस जायचं ठरलं होतं. माझ्या मनातलं काम वेगळंच होतं. आई गेल्यापासून नाना एकटे राहतात. पुण्याला कायमचे येता का, हे मला विचारायचं होतं. घरी विषय काढला की ते उठून केळीच्या बागेत जातात. चालत्या गाडीतून उठून जाणार कुठे, असा माझा बेत.

पाळधी मागे पडली, रस्ता मोकळा झाला आणि शंभरच्या वेगाला तो घुमार सुरू झाला. इंजिनाच्या फेऱ्या तीन हजारांवर गेल्या की तो येतोच. बाहेरच्यांना तो कळत नाही. आत मात्र काचा, सीट, दाढा सगळं एकाच जाड सुरात थरथरतं आणि अर्ध्या तासात डोकं जड होतं. हौसेनं घरात आणलेलं दुखणं, तक्रार करणार कुणाकडे? वेग कमी केला की तो जातो, वाढवला तरी जातो, पण महामार्गावर नेमका तोच वेग सोयीचा.

एरंडोलच्या अलीकडे मी धीर केला. "नाना, पुण्याला चला. कायमचे," जवळजवळ ओरडूनच म्हणालो. ते समोर बघत राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालू होती आणि मला वाटलं, बिनसलं. पारोळ्याला चहाला उतरलो, तेव्हा त्यांनी खिशातून कानातलं मशीन काढलं, धोतराला पुसलं आणि कानात घातलं.

"हे गाडी हाय का पिठाची चक्की?" ते म्हणाले. "मशीन घातलं का डोक्यात नुसता भुंगा."

म्हणजे माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मला हायसं वाटलं आणि स्वतःचा रागही आला.

अक्का पन्नास वर्षं धुळ्यात आहे, त्यामुळे बोलते अस्सल अहिराणी. नानांनी असोद्याहून आणलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) वाढताना तिनं गाडीचं रडगाणं ऐकून घेतलं आणि उपाय तयारच ठेवला. "कापूस भरी दे. गादीमा कापूस, गोधडीमा कापूस. आवाज बी पी लेस तो." कापूस पिकवणाऱ्या घरात याला नाही कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जिनिंगमधून सरकी काढून आणलेली दोन पोती रुई डिकीत आणि सीटमागे कोंबली आणि नरडाण्याच्या दिशेनं चाचणीला निघालो.

घुमार तसूभरही हलला नाही. वैतागून नानांनी काच खाली केली, वारा आत घुसला आणि पोत्याचं तोंड सुटलं. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ गाडी थांबवली, तेव्हा भुवयांपासून चपलांपर्यंत आम्ही दोघंही पांढरे होतो. समोरच्या शेडमध्ये एकजण ट्रॅक्टरचा सायलेन्सर जोडत होता. त्यानं आमच्याकडे शांतपणे पाहिलं.

"जिनिंग कोठली शे, भाऊ?"

हे लोटन मिस्त्री. हसू आवरून त्यांनी आधी गाडीचा आवाज ऐकला. "जाडा आवाज कापूसले दाद देस नही," म्हणाले आणि एका रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली. बाटली घुमली. तोच गुण त्यांना कामाला लावायचा होता. सायलेन्सरच्या नळीला बंद टोकाची एक आंधळी नळी जोडायची. आवाज तिच्यात शिरतो, टोकाला आपटून परत येतो आणि लांबी अचूक असेल तर मागून येणाऱ्या आवाजाला तोच अडवतो. लांबी शोधायची त्यांची रीत साधी होती. नळीत दट्ट्या घालून ते सळईनं मागेपुढे सरकवत. आवाज कुठे मरतो हे मात्र गाडीत बसलेल्यानं सांगायचं.

मी पेडल दाबून फेऱ्या तीन हजारांवर धरल्या आणि मोबाईलवर आवाजाचे आकडे बघू लागलो. आकडे नुसते नाचत होते. नाना म्हणाले, "ठेव ते." त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं आणि दोन्ही तळवे डॅशबोर्डवर ठेवले. विहिरीवर डिझेल इंजिन होतं त्या काळात नाना घराच्या ओट्याच्या खांबाला हात लावून, इंजिनाच्या थरथरीवरून विहिरीचं पाणी उतरलं का ते सांगायचे. आई त्यांची थट्टा करायची. आता ते बोटानं खूण करत होते, पुढे, अजून पुढे, जरा मागे.

"थांब. गेला."

खरंच गेला होता. लोटन मिस्त्रींनी सळईवर खडूची खूण केली आणि तेवढ्या लांबीला झाकण वेल्डिंगनं बसवलं. "आबा, तुम्हना कान भारी शेतस," ते म्हणाले.

"कान नही, हात," नाना म्हणाले. किती दिवसांनी मी त्यांना असं खुशीत पाहिलं.

तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं परत निघालो. शंभरचा वेग, तीन हजार फेऱ्या आणि आत फक्त टायरचा आवाज. नानांच्या कानात मशीन होतं. आता मला सबब उरली नव्हती, तरी पारोळा गेलं आणि एरंडोल आलं तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"नाना, परवा इथेच मी तुम्हाला विचारलं होतं..."

"आयकलं व्हतं," ते म्हणाले. "मशीन मी त्याच्यानंतर काढलं."

एरंडोल मागे पडलं तेव्हा तेच म्हणाले, "तुही माय गेली तव्हा तुह्या घरी महिनाभर राह्यलो ना मी. सकायी तुम्ही दोघं नवरा-बायको जाता, राती येता. दिवसभर कोनी बोलत नही. तठी मशीन कायले घालू?"

मला वाईट वाटलं. मग ते आपणहून विहिरीवरच्या इंजिनाबद्दल आणि आईच्या थट्टेबद्दल बोलू लागले आणि असोदा येईपर्यंत बोलत राहिले. मी वेग वाढवला नाही.

परवा एकटाच पुण्याला परतलो. गाडी सगळी वाट शांत होती, अगदी हवी होती तशी. भर दुपारी फ्लॅटचं दार उघडलं. बायको ऑफिसला गेलेली. हातातली बॅग तशीच धरून मी दारात उभा राहिलो. आत फक्त फ्रिज घुमत होता.