कशावरनंचा हेवा

ज्या ऑपरेटरच्या निष्काळजीपणावर मी सकाळच्या मीटिंगमध्ये तळमळून बोललो, तो ऑपरेटर पार्ट बिघडले त्या दिवशी रजेवर होता. त्याच्या बहिणीचं लग्न होतं, आणि संध्याकाळी त्या लग्नात मी स्वतः दोनदा जिलेबी मागून घेतली होती. हे सगळं मला आठवलं ते बोलून झाल्यावर. कारण कोपऱ्यातून शांतपणे प्रश्न आला होता, "कशावरनं?"

प्रश्न विचारणारा माणूस आमच्या चाकणच्या कारखान्यात क्वालिटी बघायचा. चाकणच्या जवळच्याच एका गावचा, माझ्याच वयाचा, पोट माझ्याहून थोडं पुढे. त्याला नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक. आम्ही सगळे त्याला कशावरनं म्हणायचो. पाऊस येणार म्हटलं, कशावरनं? मोबाइलवर फिरत आलेला औषधाचा उपाय सांगितला, कशावरनं? "साहेब चिडलेत" म्हटलं तरी तेच. चिडलेल्या साहेबांनाही त्यानं एकदा तेच विचारलं होतं.

पार्ट बिघडला की आमच्याकडे पाच वेळा 'का' विचारायची रीत आहे. एका 'का'चं उत्तर मिळालं की त्यावर दुसरा 'का', असं करत मुळापर्यंत जायचं. आम्ही सुपरवायझर मंडळी दुसऱ्या 'का'लाच एखाद्या माणसाचं नाव टाकायचो आणि चहाला जायचो. कशावरनं ते नाव खोडायचा. म्हणायचा, "माणूस हे कारण न्हाई, राव. माणूस तिथं का चुकला, त्ये लिवा." मग आमचा चहा गार व्हायचा.

हे सगळं मी सहन केलं असतं. माझं खरं दुखणं वेगळं होतं. माणसं त्याच्याजवळ बोलायची.

एकदा कंपनीची बस मोशीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकली होती. हल्ली पुरुषाचं कसं अवघड झालंय हा आमचा लाडका विषय चालू होता. नोकरीचा भरवसा नाही, पोरांना मुली मिळत नाहीत, घरी कुणी विचारत नाही, हे आम्ही अगदी हसत हसत बोलतो. कुणीतरी म्हणालं, पुरुषानं आपलं दुखणं घरी न्यायचं नसतं. मागच्या सीटवरून "कशावरनं?" आलं, सगळी बस हसली. तो मात्र हसला नाही, थांबला. हेच त्याचं कसब. आम्ही प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर आमच्या खिशात तयार असतं. हा विचारायचा आणि खरंच वाट बघायचा. त्या शांततेत शिंदे खिडकीबाहेर बघत म्हणाला, की कारखान्यातली त्याची लाइन बंद होणार आहे, नोकरीचं काही सांगता येत नाही, आणि हे त्यानं बायकोला अजून सांगितलेलं नाही. सकाळी तिच्या हातून डबा घेताना तिच्याकडे बघवत नाही.

शिंदे कित्येक वर्षं माझ्या शेजारी बसतो. मला त्यानं आजवर फक्त क्रिकेट सांगितलं. मला शिंद्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी मी जळलो.

आणि मग हा माणूस माझ्या घरापर्यंत आला.

माझा मुलगा ओंकार इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात तीन विषयांत गचकला होता. मी त्याला जेवणाच्या टेबलावर बसवून आमची कारखान्यातली रीत लावली. नापास का? अभ्यास झाला नाही. का? लक्ष लागत नाही. का? तो पोळी कुस्करत राहिला. पुढचे दोन 'का' मीच विचारले आणि त्यांची उत्तरंही मीच दिली. शेवटच्या उत्तरात त्याचं नाव होतं. तो ताटावरून उठला. त्यानंतर कित्येक दिवस "हो" आणि "नाही" याच्या पुढे तो माझ्याशी बोलला नाही.

एका रविवारी कशावरनं गावाकडचा इंद्रायणी तांदूळ द्यायला चिखलीला आमच्या घरी आला आणि गॅलरीत ओंकारशेजारी जाऊन बसला. मी आत पोह्यांची बशी हातात धरून उभा होतो. चोरून ऐकत होतो असं बायको म्हणते. मी पोहे निवण्याची वाट बघत होतो.

बराच वेळ दोघं खालचा रस्ता बघत बसले. मग ओंकार म्हणाला की पहिल्या वर्षापासूनच गणित त्याच्या डोक्यावरून जातंय. वर्गात विचारलं की पोरं हसतात.

"आन् घरी? बाबांना इचारायचं."

"बाबांना सगळं येतं काका," ओंकार म्हणाला. "म्हणून तर विचारवत नाही."

एवढी मोठी दाद मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. मी पोह्यांची बशी ओट्यावर ठेवून दिली.

कशावरनं म्हणाला, "मला बी न्हाई येत आता. इसरलो सगळं. दोघं मिळून बसू."

आणि खरोखरच दर रविवारी बसू लागले. गॅलरीतून हसण्याचा आवाज यायचा. माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून हा गृहस्थ माझ्या मुलाला हसवायचा, आणि बायको त्याला विचारायची, भाऊजी, अजून थोडा चहा? मी चहा मागितला की गॅस संपत आलेला असायचा. ओंकारचे दोन विषय सुटले. मी पेढे वाटले; आनंद झाला होताच, पण प्रत्येक पेढ्यामागे थोडं जळणंही होतं.

यंदा कंपनीनं कशावरनंला गुजरातच्या नव्या प्लांटला पाठवलं. ओंकार स्टेशनवर त्याच्या पाया पडला. मीही गळ्यात पडलो. शपथेवर सांगतो, रडू आलं. पण रडतानाच मनात आलं, चला, रविवार मोकळा झाला.

पहिल्याच मोकळ्या रविवारी ओंकार पुस्तक घेऊन गॅलरीच्या दारात उभा राहिला. रिकामी खुर्ची बघितली. मग माझ्याकडे आला.

"बाबा, हे येतं का तुम्हाला?"

मी चष्मा लावला. पान वरून खाली, मग खालून वर वाचलं. सवयीनं ओठांवर आलं होतं, "एवढं सोपं?" पोरगा बघत होता. पुस्तक त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि माझ्या एका शब्दावर ते मिटलं असतं.

"नाही रे येत," मी म्हणालो.

त्यानं खुर्ची ओढली, पुस्तक आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं आणि म्हणाला, "मलाही नाही. इथपर्यंत कळतंय, बघा."

जेवायच्या वेळेपर्यंत बसलो. गणित सुटलं नाही.

ओंकार हात धुवायला गेला तशी बायको ताटं मांडता मांडता म्हणाली, "'नाही येत' एवढंच बोलायचं होतं, तर भाऊजी गुजरातला जाईपर्यंत कशाला थांबलात?"