अप्पांचा रुमाल

दोष अप्पांचा. आणि दर रविवारी चेन्नईत वेलचेरीला आमच्या हॉलमध्ये फिल्टर कॉफी ढोसत देश सुधारणाऱ्या त्यांच्या दोन दोस्तांचा. वडीलधारे म्हणून सोडणार नाही. यांचे किस्से म्हणजे आमच्या एरियातलं पुराचं पाणी. आपोआप साठतं, ओसरलं तरी भिंतीवर रेघ राहते.

*

माधवराव, रिटायर्ड हेडमास्तर. लाचखोरांना फाशी, याखाली बोलणं नाही! एकदा मी म्हटलं, "काका, कायदा बदललाय. आता लाच देणाराही गुन्हेगार."

कॉफीचा टंबलर हवेतच थांबला. "देणारा पण? अय्यो! मग बाहेर राहणार कोण?"

*

श्रीनिवासराव बँकेतले. घराच्या कागदांवर नाव बदलायचा अर्ज त्यांनी ऑनलाइन केला. कुणाला भेटणं नाही, हेलपाटे नाहीत, थेट मंजूर! काकांची झोप उडाली. "कुणी काही मागितलंच नाही रे! कुठेतरी घोळ आहे."

सफरचंदांची पेटी घेऊन ऑफिसात गेले. क्लार्क नवा पोरगा, घेईना. हे हटेनात. "ठेव रे, पद्धत असते!"

पुढच्या महिन्यात आमचा शेजारी तिथे काही विचारायला गेला. तोच पोरगा म्हणाला, "सफरचंद कुठेत?"

*

मी तांबरमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. स्कॉलरशिपवर. तिला अप्पांच्या उत्पन्नाचा दाखला लागायचा आणि दाखल्यासाठी तहसीलच्या साहेबाला पैसे. मी घरात रान उठवलं, तेव्हा कुठे अप्पांनी लाचलुचपतवाल्यांकडे तक्रार दिली.

रविवारी माधवराव अप्पांना म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, कृष्णा. साक्ष, तारखा, वकिलाचे उलटे प्रश्न. झेपणार तुला?"

अप्पांनी कॉफी संपवली.

सापळ्याच्या दिवशी अप्पांच्या खिशात पावडर लावलेल्या नोटा. हात लागला, की धुतल्यावर पाणी गुलाबी होणार. साहेबाने पैसे घेतले, की अप्पांनी रुमालाने तोंड पुसायचं. ती खूण. रुमाल मीच इस्त्री करून दिला होता.

मी बाहेर बाकावर, काचेतून बघत. साहेबाने हात पुढे केला. अप्पांनी खिशात हात घातला. रुमाल काढला. कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश तोंड पुसलं.

दबा धरलेले लाचलुचपतवाले आत धावले. साहेबाचे हात धुतले. पाणी जसंच्या तसं.

परतताना शेअर ऑटोत अप्पा एवढंच म्हणाले, "घाम आला रे."

केबिनमध्ये एसी होता. साहेब स्वेटर घालून बसला होता.

दाखला मिळाला नाही. स्कॉलरशिप गेली. माझं कॉलेज त्याच वर्षी सुटलं.